दाताचे दुखणे आणि दुकानाचा हिशेब

दुकानाचा विमा आहे, टेम्पोचा विमा आहे, गोदामातल्या मालाचा विमा आहे. काही बांधवांनी घरातील सर्वांचा मेडिक्लेमही काढलेला आहे. पण तोंडातील बत्तीस दातांचा विमा कोणाजवळ आहे काय? आम्ही कोल्हापुरातील लहान दुकानदारांच्या आणि कारागिरांच्या वह्या गेली अनेक वर्षे पाहत आलो आहोत. भाडे, वीज, हमाली, मुलांची फी, लग्नकार्य, ईदची खरेदी अशी सारी खाती त्यात सापडतात. ‘दात’ या नावाचे खाते मात्र एकाही वहीत आढळले नाही. पैसे तर प्रत्येक घरातून जातात. ते कधी ‘औषध’, कधी ‘किरकोळ’ आणि कधी ‘उसनवार’ या नावाखाली जातात, इतकेच.

दाताचा विषय व्यापाराच्या पानावर कशाला, असे काही वाचक विचारतील. त्यांनी पहाटे फळांच्या सौद्याला उभा असलेला, गालाला रुमाल बांधलेला बागवान आठवावा. त्याला बोली पुकारायची असते आणि तोंड उघडत नाही. उद्यमनगरात लेथवर उभा असलेला कारागीर रात्रभर ठणक्याने जागा असेल तर त्याचा हात यंत्रात जायला वेळ लागत नाही. ज्याचा गल्ला तो स्वतः बसला तरच उघडतो, त्याच्या दृष्टीने दुखरी दाढ हा धंद्याचाच प्रश्न आहे. नोकरदाराला आजारपणाची रजा मिळते. दुकानदाराची रजा त्याच्याच खिशातून जाते.

आमचाच हिशेब

दुसऱ्याची वही उघडण्याआधी आपली उघडावी, हे बरे. काही वर्षांपूर्वी आमच्या खालच्या उजव्या दाढेवर काळा ठिपका दिसला. दातांच्या डॉक्टरांनी पाहून सांगितले की कीड वरवर आहे, आता भरून घेतली तर ८०० रुपयांत काम होईल. रमजानचा बाजार तोंडावर होता. आम्ही म्हटले, ईद होऊ द्या. ईद झाली आणि शाळा उघडल्या. शाळांचा खर्च झाला आणि पावसाळ्यात धंदा मंदावला. असे करता करता चौदा महिने गेले.

मग एका रात्री दाढ ठणकू लागली. सकाळी आम्ही सर्वजण करतात तेच केले. औषधाच्या दुकानात गेलो आणि म्हटले, “दाढ लई ठणकतीया, काहीतरी द्या.” दुकानदाराने चिठ्ठी न विचारता अँटिबायोटिकच्या आणि वेदनेच्या गोळ्या दिल्या. १४० रुपये झाले. तिसऱ्या दिवशी ठणका थांबला आणि स्वस्तात सुटलो, असे वाटले. दीड-दोन महिन्यांनी दुखणे परत आले. पुन्हा गोळ्या घेतल्या, या वेळी १९० रुपयांच्या. त्यानंतर दुखणे अचानक पूर्ण थांबले. दाढ आपोआप बरी झाली, असे आम्ही घरात सांगितलेसुद्धा.

ती बरी झाली नव्हती. आतली नस मेली होती, म्हणून दुखत नव्हती. पुढे एका सकाळी उजवा गाल सुजून आला, ताप भरला आणि भाकरीचा घास तोंडात जाईना. एक्स-रेमध्ये मुळाशी पू साठलेला दिसला. एक्स-रे आणि औषधांना ४७०, रूट कॅनॉलला ४,५०० आणि दाढेवरच्या टोपीला ३,५०० रुपये लागले. आधीच्या गोळ्यांचे ३३० धरून एकूण ८,८०० रुपये झाले. म्हणजे ८०० रुपयांचे काम अकरा पटीने महाग पडले. शिवाय पाच अर्धे दिवस दवाखान्यात गेले, ते वेगळेच. थकलेले देणे वेळेवर फेडा, व्याज वाढू देऊ नका, असा सल्ला आम्ही इतरांना वर्षानुवर्षे देत आलो. तोंडातल्या या थकबाकीकडे आमचेच लक्ष नव्हते.

गोळीने पू का जात नाही

येथे थोडी माहिती आवश्यक आहे, कारण आपले बहुतेक नुकसान ती नसल्यामुळे होते. दाताच्या कठीण कवचाच्या आत मऊ गाभा असतो. त्यात रक्तवाहिन्या आणि नस असते. कीड कवच पोखरून या गाभ्यापर्यंत पोचली की तो सुजतो. आत जागा नसल्यामुळे असह्य ठणका लागतो. गाभा सडून मेला की ठणका थांबतो, पण जंतू मुळाच्या टोकातून हाडात उतरतात आणि तेथे पू होतो.

अँटिबायोटिक रक्तातून पसरते. मेलेल्या गाभ्यात रक्तच पोचत नाही, तर औषध कोठून पोचणार? भोवतालची सूज काही दिवस उतरते, आतले घर तसेच राहते आणि जंतू पुन्हा बाहेर पडतात. म्हणून या रोगाचे खरे उपाय तीनच आहेत. दात आतून साफ करून बंद करणे, म्हणजे रूट कॅनॉल. दात काढून टाकणे. किंवा पू साठला असेल तर डॉक्टरांनी त्याला वाट करून देणे. सूज पसरू लागली असेल, ताप असेल, तर या उपायांबरोबर अँटिबायोटिक लागते. पण ते सोबतीला असते. एकट्या गोळीवर दाढ सोपवणे म्हणजे छप्पर गळत असताना रोज नवी बादली ठेवण्यासारखे आहे.

गोळ्यांच्या ज्या पट्टीवर उभी लाल रेघ असते, ते औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नये आणि घेऊ नये, असा त्या रेघेचा अर्थ आहे. आपल्या पेठांतून ती रेघ कोणी पाहत नाही. दोन दिवस घेऊन सोडलेली गोळी जंतूंना त्या औषधाची सवय लावते. पुढे न्यूमोनिया झाला किंवा ऑपरेशनची वेळ आली, म्हणजे खरी गरज पडली, की तेच औषध लागू पडत नाही. औषध विक्रेत्यांमध्ये आपलेही बांधव आहेत. १४० रुपयांच्या विक्रीसाठी गिऱ्हाईकाला चुकीच्या वाटेला लावू नये, अशी आमची त्यांना विनंती आहे. “आधी दात दाखवून या,” एवढे शब्द त्यांनी उच्चारले तरी पुष्कळांचे भले होईल.

दवाखान्याची वेळ मिळेपर्यंत काय करावे? कोमट मिठाच्या पाण्याने गुळण्या कराव्यात. लवंगाच्या तेलाचा बोळा किडलेल्या जागी थोडा वेळ धरला तर ठणका कमी होतो. तो आराम तात्पुरता असतो. पॅरासिटामॉलसारखी गोळी पाकिटावर लिहिलेल्या मर्यादेत घ्यावी. मूत्रपिंडाचा, पोटातील व्रणाचा किंवा रक्तदाबाचा त्रास असणाऱ्यांनी इतर वेदनाशामके विचारल्याशिवाय घेऊ नयेत. डिस्प्रिनची गोळी हिरडीवर दाबून ठेवण्याची पद्धत सोडावी, त्याने हिरडी भाजते. सुजलेल्या गालाला बाहेरून गरम शेक देऊ नये आणि घरी सुई टोचून पू काढण्याचा उद्योग तर मुळीच करू नये.

काही खुणा दिसल्या तर मात्र दुकान, पैसा, वेळ काही पाहू नये. सूज डोळ्याकडे किंवा जबड्याखाली मानेकडे सरकत आहे, तोंड दोन बोटेही उघडत नाही, थुंकी गिळता येत नाही, आवाज बदलला आहे, श्वास जड झाला आहे, थंडी वाजून ताप येतो आहे, यांपैकी काहीही असेल तर तातडीने मोठ्या रुग्णालयात जावे, १०८ ला फोन करावा. जबड्याखालच्या अशा पसरत्या संसर्गाचे वर्णन जर्मन वैद्य लुडविग यांनी १८३६ साली केले आणि आजही तो त्यांच्याच नावाने ओळखला जातो. त्यात जीभ वर उचलली जाऊन श्वासाची वाट बंद होते. खालच्या दाढेपासून हे होऊ शकते. मधुमेह असलेल्यांनी दुप्पट सावध राहावे. साखर वाढली की पू वाढतो आणि पू असला की साखर आटोक्यात येत नाही.

८० डॉलरचा दात

ही भीती आम्ही उगाच घालत नाही. जगातल्या सर्वांत श्रीमंत देशातील गोष्ट आहे. अमेरिकेतील मेरीलँड राज्यात डीमॉन्टे ड्रायव्हर नावाचा बारा वर्षांचा मुलगा होता. त्याचा दात किडला होता. घर गरीब होते, सरकारी वैद्यकीय योजनेतील नाव मध्यंतरी सुटले होते आणि त्या योजनेत गरिबांचे दात पाहणारे डॉक्टरही सहज मिळत नव्हते. ८० डॉलरमध्ये दात काढून झाला असता. तो निघाला नाही आणि संसर्ग मेंदूपर्यंत गेला. मेंदूवर दोन शस्त्रक्रिया झाल्या. रुग्णालयाचा खर्च अडीच लाख डॉलरच्या घरात गेला. २५ फेब्रुवारी २००७ रोजी तो मुलगा वारला. त्यानंतर मोठी चर्चा झाली आणि २००९ मध्ये अमेरिकेने मुलांच्या सरकारी आरोग्य विम्यात दातांचे उपचार सक्तीचे केले.

अडीच लाख डॉलर द्यायला व्यवस्था तयार होती, ८० डॉलर द्यायला कोणी नव्हते. व्यापाऱ्याच्या नजरेने पाहिले तरी हा व्यवहार वेडेपणाचा आहे. आणि आपल्याकडेही व्यवस्थेचा आकार काहीसा असाच आहे.

विमा कोठे आहे आणि कोठे नाही

आपल्याकडे मेडिक्लेम १९८६ साली सरकारी विमा कंपन्यांनी आणला. त्याची मूळ कल्पना रुग्णालयात दाखल होण्याच्या खर्चाची आहे. दातांचे उपचार साधारणतः दाखल न होता खुर्चीत बसून होतात. म्हणून बहुतेक पॉलिसींत, अपघाताने दात तुटून रुग्णालयात राहावे लागले तर सोडून, दातांचा खर्च वगळलेला असतो. बाह्यरुग्ण उपचारांची जोड असलेल्या काही पॉलिसींत थोडी रक्कम मिळते. तिचा हप्ता आणि मर्यादा शेजारी शेजारी मांडून पाहावी, मग निर्णय घ्यावा.

महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेचे तसेच आहे. २०१२ साली राजीव गांधी यांच्या नावाने सुरू झालेली ही योजना २०१७ पासून आजच्या नावाने चालते. २०२४ पासून ती राज्यातील सर्व कुटुंबांना खुली झाली आणि कुटुंबामागे वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण आले. ही मोठी गोष्ट आहे. पण ती रुग्णालयात करायच्या ठरावीक उपचारांसाठी आहे. किडलेली दाढ भरायला या योजनेचे कार्ड चालत नाही. जबड्याचा संसर्ग पसरून शस्त्रक्रियेची पाळी आली तर रुग्णालयातील आरोग्यमित्राकडे चौकशी जरूर करावी.

कामगार राज्य विम्याची स्थिती अधिक चांगली आहे. ती योजना दवाखान्यातील रोजच्या उपचारांसह चालते, दातांच्या उपचारांसह. २०१७ पासून दरमहा २१,००० रुपयांपर्यंत वेतन असलेल्या कामगाराला ती लागू आहे. २०१९ पासून कामगाराचे पाऊण टक्का आणि मालकाचे सव्वातीन टक्के असा हिस्सा आहे. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल येथील कारखान्यांत आपली पुष्कळ मुले कामाला आहेत. त्यांतील कित्येकांना आपल्या पगारातून ही कपात होते, हे माहीत आहे. त्या कपातीत घरच्यांचे उपचारही येतात, हे माहीत नाही. आणि दहाहून अधिक माणसे कामाला ठेवून नोंदणी टाळणारे मालक आपल्यातही आहेत. सव्वातीन टक्के वाचवणे हा धंदेवाईकपणा नव्हे. कामगाराचा हक्क बुडवून केलेली ती बचत आहे.

सरकारी दवाखान्यांचा मार्गही विसरू नये. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत आहेत. ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालये त्यात येतात. दातांचे डॉक्टर कोणत्या दिवशी बसतात, हे आधी विचारून जावे म्हणजे फेरा पडत नाही. शहरात सीपीआर, म्हणजे आपला थोरला दवाखाना आहे. तेथे रांग असते, हे खरे आहे. पण आमच्या ओळखीतले कित्येकजण रांगेच्या नावाने थोरल्या दवाखान्यात जात नाहीत, पैशांच्या नावाने खासगीत जात नाहीत आणि गोळ्या खात घरी बसतात. तीन तास रांगेत उभे राहणे हे तीन महिने ठणका सोसण्यापेक्षा स्वस्त आहे.

विम्याची वाट पाहू नये

दातांचा विमा निघावा, अशी मागणी अनेकजण करतात. आमचे मत थोडे वेगळे आहे. विमा कशाचा काढावा? जे घडेल की नाही ते ठाऊक नाही आणि घडले तर माणूस उभा राहणार नाही, अशा संकटाचा. गोदामाला आग लागणे, गाडीचा अपघात होणे, हृदयाचे ऑपरेशन ही तशी संकटे आहेत. दाताचे दुखणे तसे नाही. आयुष्यात एकदा तरी ते जवळजवळ प्रत्येकाला येते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालाप्रमाणे जगात साडेतीनशे कोटींच्या आसपास लोकांना तोंडाचे काही ना काही विकार आहेत. जे जवळजवळ सर्वांना होणार आणि वेळीच पाहिले तर थोडक्यात भागणार, त्याचा विमा काढला तर कंपनी आपल्याच हप्त्यातून आपला खर्च भागवील आणि वर स्वतःचा खर्च व नफा कापून घेईल. अमेरिकेत दातांचा विमा सर्वत्र आहे, तरी तेथील अनेक योजनांत वर्षाची कमाल मर्यादा हजार-दीड हजार डॉलरची असते. मोठे काम निघाले की रुग्ण पुन्हा स्वतःच्याच खिशाकडे पाहतो.

दात हा देखभालीचा खर्च आहे. टेम्पोचे ऑइल आपण विम्यातून बदलत नाही. ठरावीक किलोमीटर झाले की स्वतःच बदलतो, कारण न बदलल्यास इंजिन बसते, हे आपल्याला ठाऊक आहे. हाच न्याय दातांना लावावा. सहा महिन्यांनी नाही तर वर्षातून एकदा तरी घरातील सर्वांचे दात दाखवावेत. खर्चाच्या वहीत ‘दात’ असे एक खाते उघडावे. महिन्याला २०० रुपये बाजूला पडले तरी वर्षाला २,४०० होतात. त्यात घरातील सर्वांची तपासणी आणि एक-दोन दाढा भरून घेणे बसू शकते.

यावर कोणी म्हणेल, ज्याच्या घरात २०० रुपयेही उरत नाहीत त्याने काय करावे? हा आक्षेप खरा आहे आणि तो टाळता येणार नाही. हातगाडीवाल्याला, पिंजाऱ्याला, घरकाम करणाऱ्या भगिनीला बचतीचा उपदेश करणे सोपे असते. त्यांना दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. पहिली अशी की रूट कॅनॉलचे हजारो रुपये नसतील तर दात काढून घेणे हाही पूर्ण उपचार आहे. त्याला काहीशे रुपये लागतात, सरकारी दवाखान्यात त्याहून कमी. काढलेल्या दाताच्या शेजारचे दात पुढे कलतात, चावायला त्रास होतो, हे नुकसान आहेच. पण पू तोंडात बाळगून गोळ्यांवर वर्ष काढण्यापेक्षा ते शतपटीने बरे. दात गेला म्हणून कमीपणा मानू नये. दुसरी गोष्ट अशी की डॉक्टरांशी पैशाचे बोलायला लाजू नये. कापडाचा भाव आपण तीन दुकानांत विचारतो आणि खुर्चीत बसलो की मुके होतो. एकूण खर्च किती, आज किती आणि पुढच्या खेपेला किती, काढून टाकले तर किती, टोपी दोन महिन्यांनी बसवली तर चालेल काय, हे स्पष्ट विचारावे आणि कागदावर लिहून घ्यावे. पहिल्या खेपेला दात उघडून आतला दाब कमी केला आणि तात्पुरते बंद केले, तरी ठणका जातो आणि पैसे जमवायला थोडी उसंत मिळते. ती उसंत म्हणजे काम पूर्ण झाले, असे मात्र समजू नये.

रस्त्यावर बसून दात काढणारे, कवळी बसवणारे अजून काही बाजारांत दिसतात. कायद्याप्रमाणे नोंदणी नसलेल्याला हा धंदा करता येत नाही. त्यांच्या अस्वच्छ चिमट्यातून कावीळ घरी येते. तो स्वस्त व्यवहार नव्हे.

रमजानमध्ये उपचार पुढे ढकलण्याची आपल्याकडे रीत आहे. आम्ही स्वतः त्याच कारणाने फसलो. साधी तपासणी आणि किरकोळ काम इफ्तारनंतरच्या वेळेत करून घेता येते. अनेक दवाखाने संध्याकाळी उशिरापर्यंत चालू असतात. दुखणे वाढले असेल तर आजाऱ्याला दीनने सवलत दिली आहे. शंका असेल त्यांनी आपल्या इमामसाहेबांना विचारावे, पण विचारायला ईद उजाडू देऊ नये.

पेठांनी मिळून काय करावे

एकट्याचा डबा लवकर रिकामा होतो. कोल्हापुरात भिशी कोणाला शिकवावी लागत नाही. भिशीच्या रकमेतून दर महिन्याला थोडा भाग बाजूला काढून तो सभासदांच्या दातांच्या आणि डोळ्यांच्या खर्चासाठी बिनव्याजी उसना द्यावा आणि हप्त्याने परत घ्यावा. ही भिशी ओळखीच्या दहा-बारा माणसांचीच असावी, तिची वही उघडी असावी. ज्या पेठांत बैतुलमाल किंवा बिनव्याजी पतसंस्था आहे तेथे कर्जे हसनाच्या यादीत शिक्षण आणि लग्नाबरोबर दातांचे उपचारही घालावेत. सावकाराकडून पाच हजार उचलून रूट कॅनॉल करणाऱ्याची दाढ बरी होते आणि दुसरीकडे व्याजाची कीड लागते.

दुसरी सूचना व्यापारी संघटनांना आहे. जिल्ह्यात नवे पारगाव येथे तात्यासाहेब कोरे दंत महाविद्यालय आहे, शेजारी सांगलीला आणि कराडलाही दंत महाविद्यालये आहेत. तेथील विद्यार्थी शिक्षकांच्या देखरेखीखाली उपचार करतात. दंत महाविद्यालयांत दर साधारणतः खासगीपेक्षा कमी असतात. वेळ जास्त लागतो आणि खेपा जास्त होतात. त्यांना शिकण्यासाठी रुग्ण हवे असतात, आपल्याला परवडणारा उपचार हवा असतो. दोन्ही बाजूंना गरज असलेला यापेक्षा सरळ सौदा कोणता? बागवान, तांबोळी, शिकलगार, अत्तार, बेकरीवाले यांच्या संघटनांनी महाविद्यालयांशी बोलून महिन्यातला एक बाजार-सुटीचा दिवस ठरवावा आणि एक गाडी करून तीस-चाळीस माणसे न्यावीत. गाडीचे भाडे वाटून घेतले तर माणशी फारसे पडणार नाही. आधी तपासणीचे शिबिर भरवायचे तर जागेचीही अडचण नाही. राजर्षी शाहू महाराजांच्या पाठबळाने १९०६ साली उभ्या राहिलेल्या मुस्लिम बोर्डिंगसारखी संस्था या शहरात आहे, शाळा आहेत, मंगल कार्यालये आहेत. शिबिर मात्र फोटोपुरते असू नये. ज्याच्या दाढेत कीड सापडली तो पुढे दवाखान्यात पोचला की नाही, याची नोंद ठेवणारा एक माणूस नेमावा. आजवरची बहुतेक शिबिरे त्या एका माणसाच्या अभावी वाया गेली आहेत.

तिसरी सूचना घरातली आहे. मिस्वाक असो वा ब्रश, रात्री झोपण्याआधी दात साफ व्हावेत. फ्लोराइडची पेस्ट वापरावी. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये ती आवश्यक औषधांच्या यादीत घातली आहे. मिश्री दात घासण्याचे साधन नव्हे, ती जाळलेली तंबाखू आहे. आपल्या भागातील कित्येक माताभगिनींना तिची सवय आहे आणि हिरड्या त्यातूनच जातात. राज्यात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, तरी मावा मळणारे हात थांबलेले नाहीत. आपल्या टपऱ्यांवर तो विकला जातो, हे सांगताना आम्हाला वाईट वाटते. दुसऱ्याच्या जबड्यावर उभारलेला गल्ला कोणाला किती दिवस पुरणार?

व्यापाऱ्यांसाठी एक आठवण नोंदवून ठेवतो. भारतातील पहिले दंत महाविद्यालय १९२० साली कलकत्त्यात डॉ. रफीउद्दीन अहमद यांनी सुरू केले. ते अमेरिकेत शिकून आले होते. सरकारी मदतीची वाट पाहत ते बसले नाहीत. त्यांनी कलकत्त्यात ‘न्यूयॉर्क सोडा फाउंटन’ नावाचे सरबताचे दुकान काढले आणि त्या उत्पन्नावर महाविद्यालय चालवले. १९४९ साली त्यांनी ते महाविद्यालय सरकारच्या स्वाधीन केले. १९६४ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. एका सोड्याच्या दुकानाने देशाला दातांचे डॉक्टर दिले. आपल्या पेठांतल्या शंभर दुकानांना मिळून आपल्याच माणसांचे दात वेळेवर दाखवण्याची व्यवस्था करता येणार नाही काय?

विमा येईल तेव्हा येवो. सरकारकडे मागणीही अवश्य करावी. कीड भरण्याचे काहीशे रुपये ज्या योजनेत बसत नाहीत आणि पू पसरल्यानंतरची शस्त्रक्रिया बसू शकते, त्या योजनेचा हिशेब पुन्हा मांडायला हवा, हे आमदार-खासदारांना सांगितले पाहिजे. पण दाढ विधानसभेच्या अधिवेशनाची वाट पाहत नाही. आज रात्री दुकान वाढवल्यावर घरातील प्रत्येकाने आरशासमोर तोंड उघडून पाहावे. काळा ठिपका दिसला, थंड पाण्याने कळ आली, हिरडीवर फोडासारखी गाठ आली, तर उद्याच वेळ घ्यावी. आम्ही ईदपर्यंत थांबलो होतो. त्याचे ८,८०० रुपये आमच्या वहीत ‘दात’ या नव्या खात्याच्या पहिल्या ओळीवर लिहून ठेवले आहेत. वाचकांच्या वहीत त्या ओळीवर ८०० चाच आकडा असावा, एवढीच आमची इच्छा आहे.